अंधांच्या पुनर्वसनात करिअर करायचंय? कोर्सला प्रवेश घेण्याआधी या चुका टाळा

‘अंध मुलांसाठी काहीतरी करायचंय, कोर्स कुठला करू?’ बारावी किंवा पदवी झालेल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर स्वतःला द्या: काम नेमकं कुणासोबत करायचंय? जन्मापासून न दिसणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला ब्रेल शिकवायचंय? मधुमेहाने पन्नाशीत नजर गेलेल्या गृहस्थांना पुन्हा एकट्याने लोकलने जायला तयार करायचंय? की काचबिंदूनंतर उरलेली थोडी नजर नीट वापरायला कुणाला मदत करायचीय? ही तिन्ही कामं वेगळी आहेत आणि त्यांची पात्रताही वेगळी. हे न ठरवता फी भरली की पुढच्या बहुतेक चुका आपोआप होतात.

‘मान्यताप्राप्त’ ही पाटी पुरेशी मानणं

या क्षेत्रातली मान्यता भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, देते. १९९२ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत, म्हणजे सीआरआरमध्ये, नाव नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणं हा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

खरी फसगत इथे होते: मान्यता संस्थेला कायमची मिळत नाही. ती ठरावीक अभ्यासक्रमाला, ठरावीक शैक्षणिक वर्षांसाठी असते. जुन्या तुकडीच्या मान्यतेवर नव्या तुकडीचे प्रवेश उरकले गेले, तर नुकसान विद्यार्थ्याचंच होतं. म्हणून आपल्या प्रवेशाच्या वर्षाचं मान्यतापत्र मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून पाहा. पत्र दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथे पैसे भरू नका.

दोन आठवड्यांच्या ब्रेल कार्यशाळेचं प्रमाणपत्र चांगलंच आहे, जरूर घ्या. पण त्यावर सीआरआर क्रमांक मिळत नाही.

‘स्पेशल बी.एड. सगळं सारखंच’ असं समजणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. विशेष शिक्षणातलं डी.एड. (बारावीनंतर) आणि बी.एड. (पदवीनंतर) दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार असतं: श्रवणदोषासाठी एच.आय., बौद्धिक दिव्यांगत्वासाठी आय.डी. आणि दृष्टिदोषासाठी व्ही.आय. घराजवळच्या कॉलेजात व्ही.आय. नसतं, म्हणून मिळेल ती जागा घेतली जाते. पुढे अंधशाळेची जाहिरात आली की तिच्यात व्ही.आय. मागितलेलं असतं आणि आपल्या नोंदणीवर दुसराच प्रकार असतो.

वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. ती वाचा आणि श्रवण दिव्यांगत्वासाठी आहे. दृष्टिदिव्यांगत्वासाठीची राष्ट्रीय संस्था देहरादूनला आहे.

दुसऱ्या प्रकाराचं बी.एड. आधीच झालं असेल तर ते वाया गेलं असं मानू नका. अंधशाळांमध्ये ऐकू न येणारी किंवा बौद्धिक अडचण असलेली मुलंही असतात आणि तिथे ते ज्ञान फार मोलाचं ठरतं. पण व्ही.आय.च्या पदासाठी व्ही.आय.ची पात्रता वेगळी मिळवावीच लागते.

प्रत्येकाला पूर्ण अंध धरून चालणं

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी वेगवेगळी दिली आहेत. चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही ३/६० पेक्षा (म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारं ३ मीटरवरून दिसण्यापेक्षा) कमी असेल किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. ६/१८ ते ३/६० दरम्यान नजर असेल किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी पण १० अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी. अल्पदृष्टीच्या मुलाला थेट ब्रेल देण्याआधी मोठा टाइप, योग्य प्रकाश, ठळक रंगभेद आणि भिंग यांनी तो किती वाचतो, हे बघावं लागतं. ते बघणं विशेष शिक्षकाचं काम. भिंगाची किंवा दुर्बिणीची शक्ती ठरवणं मात्र ऑप्टोमेट्रिस्टचं, म्हणजे नजर तपासणाऱ्या तज्ज्ञाचं, आणि त्यासाठी ऑप्टोमेट्रीची पदवी लागते. डोळ्यांच्या रुग्णालयात अल्पदृष्टी विभागात काम करायची इच्छा असेल तर बी.एड.च्या मागे न लागता बारावी विज्ञानानंतर तो रस्ता धरा.

कागद मिळाला, हात बसला नाही

याबद्दल मला सर्वांत जास्त कळकळ वाटते. ब्रेलचा तक्ता पाठ करून परीक्षा पास होता येते. सहा महिन्यांनी तक्ता नसेल तर पान वाचता येत नाही. मराठीसाठी भारती ब्रेल येतं, म्हणून काम भागत नाही. इंग्रजी पुस्तकांत संक्षिप्त ब्रेल असतं, गणिताची चिन्हं वेगळी शिकावी लागतात, आणि ब्रेल पाटीवर स्टायलसने (टोकदार टोच्याने) लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचायचं असतं. रोज एक पान लिहा, एक पान वाचा. टेलर फ्रेम (अंधांसाठीची गणिताची पाटी) आणि अबॅकसवर (मण्यांच्या पाटीवर) स्वतः गणितं सोडवा.

पांढऱ्या काठीचंही तसंच. लांब काठी एका लयीत डावी-उजवीकडे टेकवत चालण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकन सैनिकांना शिकवताना रिचर्ड हूव्हर यांनी घडवली. कॉलेजच्या गुळगुळीत व्हरांड्यात ती सोपी वाटते. डोळ्यांवर पट्टी बांधून आपल्या फुटपाथवर या: उघडी गटारं, आडव्या लावलेल्या दुचाकी, भाजीच्या टोपल्या, मध्येच संपणारा कठडा. प्रवेशाआधी कॉलेजला स्पष्ट विचारा: पट्टी बांधून प्रत्यक्ष रस्त्यावर किती सराव असतो? शिकवणारे कोण? प्रौढ व्यक्तींसोबत प्रात्यक्षिक होतं का? आणि आतापासून एक सवय लावा. न दिसणाऱ्या माणसाचा हात किंवा काठी धरून त्याला ओढायचं नाही. आधी विचारायचं, मग त्याला आपला कोपर धरू द्यायचा आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं.

संगणकासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो, अँड्रॉइड फोनमध्ये तसाच टॉकबॅक असतो. मॉनिटर बंद करून अर्ज भरून पाहिल्याशिवाय दुसऱ्याला शिकवायला बसू नका.

डी.एड. आणि बी.एड.चा भर शाळेवर असतो, हेही ध्यानात असू द्या. प्रौढांसाठी स्वयंपाक, औषधं ओळखणं, रिझर्व्ह बँकेच्या ‘मनी’ ॲपने नोटा ओळखणं, धक्क्यातून सावरत असलेल्या कुटुंबाशी बोलणं हे सगळं लागतं. एखाद्या पुनर्वसन केंद्रात अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखाली काही महिने काढल्याशिवाय ते जमत नाही.

स्वतः दृष्टिहीन असाल तर

‘तुम्हाला हे कसं जमणार?’ हे ऐकून मागे फिरू नका. सरकारी उच्चशिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. त्यातलं १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. लेखनिक आणि वाचनीय स्वरूपातलं साहित्य प्रवेशाच्या वेळीच लेखी मागा. मात्र स्वतः काठी सफाईने वापरणं वेगळं आणि ती दुसऱ्याला टप्प्याटप्प्याने शिकवणं वेगळं. प्रशिक्षण तुम्हालाही घ्यावंच लागतं.

नोंदणी आणि नोकरीतले अडथळे

गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, यामुळे बऱ्याच मुलींचा अर्ज अडकतो. नावबदलाचं राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा. सीआरआर नोंदणी पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि त्यासाठी सीआरई, म्हणजे निरंतर पुनर्वसन शिक्षण, कार्यक्रमांचे गुण लागतात. ते शेवटच्या वर्षावर ढकलू नका.

नोकरी फक्त अंधशाळेतच असते, हाही गैरसमज आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सामान्य शाळांसाठी प्राथमिकला दहा आणि पुढच्या वर्गांना पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण धरलं, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना ही पदं निश्चित करून भरायला सांगितलं. त्यामुळे समग्र शिक्षा आणि जिल्हा परिषदेच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा.

परदेशी जायचं असेल तर आपली पदवी तिथे तशीच चालेल असं धरू नका. अमेरिकेत पांढऱ्या काठीचं प्रशिक्षण, दैनंदिन कौशल्यं आणि अल्पदृष्टी यांसाठी एसीव्हीआरईपी ही संस्था वेगवेगळी प्रमाणपत्रं देते. त्यांच्या अटी वाचून इथला अभ्यासक्रम आणि प्रात्यक्षिकाच्या तासांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून सांभाळून ठेवा.