उपासही करता, रात्री जेवतही नाही, तरी वजन का वाढतं? या चुका टाळा

इंदुरात बायकांच्या वजनाचा विषय निघाला की सगळा दोष सराफा आणि छप्पन दुकान या खाऊगल्ल्यांवर ढकलला जातो. पण रामबागेतली किंवा सुदामा नगरातली गृहिणी सराफ्यात जाते तरी किती वेळा? वजन वाढतं ते घरातल्या रोजच्या खाण्याने, आणि त्यातलं बरंचसं आपण खाण्यात धरतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या जादा वजनाच्या स्त्रिया २०१५-१६ मध्ये सुमारे २१ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाल्या.

सगळ्यात मोठी गफलत उपासाची. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. पोट रिकामं ठेवण्याचा दिवस प्रत्यक्षात साबुदाण्याचा होतो. एका ताटलीचा हिशेब बघा. वाटीभर, म्हणजे पाऊणशे ग्रॅम कोरडा साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट, चमचा-दीड चमचा तूप. झाल्या पाचशेच्या वर कॅलरी. दोन पोळ्या, वरण आणि भाजी यापेक्षा हे जास्त भरतं. शिवाय साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिनं नावालाच, त्यामुळे दोन तासांत पुन्हा भूक लागते. मग इंदुरी पद्धतीने वर फरियाली (उपासाचं) मिक्स्चर, चारला बटाट्याचे वेफर्स, आणि संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत थांबून रात्री साडेनऊला मोदकांसह भरपेट जेवण. उपास जरूर करा, तो श्रद्धेचा भाग आहे. फक्त साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, ताक, दही-काकडी, एखादं फळ असं ठेवा. दाण्यांतही कॅलरी भरपूर असतात, पण निदान प्रथिनं मिळतात. आमटी वाटीभरच घ्या.

दुसरी चूक सांगताना मला वाईट वाटतं, कारण ती बाईच्या कष्टातूनच येते. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर तीन वाजता बसायचं, मुलाच्या डब्यातली परत आलेली अर्धी पोळी, पातेल्यातला उरलेला भात "टाकायचा कसा?" म्हणून संपवायचा. तोवर पोट चहावर. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे चाळीस ग्रॅम साखर, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. उपाय एकच: आपलं ताट इतरांबरोबर वाढून घ्या. उरलेला भात फ्रीजमध्ये जाऊ शकतो.

पोह्यांना उगाच बदनाम करू नका. वाफेवरचे इंदुरी पोहे हलकेच असतात; जड होते ती वरची शेव आणि सोबतची जिलबी. शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला), कांदा, लिंबू, डाळिंबाचे दाणे घाला, शेव चिमूटभर.

तेलाचा अंदाज कढईत बघून येत नाही, किराणा यादीत बघा. माणशी रोज २७ ते ३० ग्रॅम हे प्रमाण धरलं, तर चौघांच्या घरात महिन्याला तेल-तूप-लोणी मिळून साडेतीन किलोच्या आसपास लागायला हवं. तुमच्याकडे किती येतं?

रात्रीचं जेवण बंद करून वजन उतरवायला जाऊ नका. दहा वाजता भूक अनावर होते आणि हात डब्यातल्या शेव-पापडीकडे जातो. आठच्या आत भाकरी, मुगाची डाळ, पालेभाजी खा.

आणि फक्त काट्यावर विसंबू नका. टेपने कंबर मोजा: भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटीमीटरच्या वर गेली की मधुमेह, रक्तदाबाचा धोका वाढतो. पाळी जाण्याच्या सुमारास चरबी पोटाकडे सरकते, तेव्हा वजन तेवढंच राहूनही कंबर वाढते. हे सगळं सांभाळूनही वजन वाढत असेल, पाळी अनियमित असेल, सतत थकवा असेल, तर डॉक्टरांना दाखवून थायरॉइड, साखर आणि गरज वाटल्यास पीसीओएसची (पाळी बिघडवणाऱ्या बीजांडकोशाच्या विकाराची) तपासणी करून घ्या. शेजारणीला लागू पडलेली थायरॉइडची गोळी मनाने सुरू करू नका.