नांगरट थांबवल्यावर खत कसं द्यायचं? सोयाबीन-हरभऱ्याची संवर्धित शेती

सोयाबीन निघालं की रोटाव्हेटर मारायचा, हा मराठवाडा-विदर्भातला ठरलेला क्रम. त्याऐवजी न नांगरता धसकटांतच थेट हरभरा पेरता येतो; हीच संवर्धित शेती. ओल टिकते, डिझेल वाचतं. पण मशागत बंद केली आणि खत जुन्याच पद्धतीने फोकत राहिलं, तर पीक पिवळं पडतं आणि बोल लागतो पद्धतीला.

सुरुवात उन्हाळ्यात करा. पाणी मुरू न देणारा कठीण थर खाली असेल, तर एकदाच खोल नांगरून तो फोडा. पुन्हा नांगर नको. पुढे मातीचे नमुने दोन घ्या: वरच्या ५ सेंमीचा वेगळा आणि त्याखालचा २० सेंमीपर्यंतचा वेगळा. माती उलटीपालटी होत नसल्याने स्फुरद (फॉस्फरस) वरच साचत जातो. एकत्र नमुन्यात ते कळत नाही.

सोयाबीन उपटू नका, विळ्याने जमिनीलगत कापा. कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. पाणी आणि हरभऱ्याचं सोटमूळ त्याच वाटेने खाली उतरतं. मळणीचं भुसकट बांधावर पडू देऊ नका. जनावरांना लागतं हे खरंच, तरी निम्मं रानात परत पसरा.

पेरणी वाफशावर (माती फार ओली नाही, कोरडीही नाही अशा वेळी), अरुंद फणाच्या शून्य मशागत यंत्राने, म्हणजे न नांगरता पेरणाऱ्या यंत्राने. बियाण्याला आधी किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी बुरशी), मग १० किलोला २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, धरणारे जिवाणू) चोळून सावलीत सुकवा. एकरी डीएपीची एक ५० किलोची बॅग पुरते; त्यातून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळतं. ते यंत्रातूनच, बियाण्याशेजारी थोडं खाली पडायला हवं.

भुसकटावर युरिया कधीच फोकू नका. काडीकचऱ्यावर पडलेल्या युरियातलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं. ज्वारी-गव्हाच्या धसकटांत पेरताना तर आणखी जपा: तो काडीकचरा कुजवताना जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि पिकाची सुरुवातीला उपासमार होते. अशा वेळी नत्राचा हप्ता पेरणीलाच, मातीत द्यावा.

महिन्याभराने एक झाड खुरप्याने अलगद खणा. मुळावरची गाठ नखाने कापून बघा. आतून गुलाबी असेल तर रायझोबियम कामाला लागलंय, युरियाचा विचार सोडा. पांढरी किंवा हिरवट गाठ निकामी.

पहिली दोन-तीन वर्षं तण छळतं, याची तयारी ठेवा. आच्छादन जिथे विरळ, तिथेच ते जास्त दिसेल. बी धरण्याआधी काढून तिथेच पसरा.

सोयाबीन-हरभरा वर्षानुवर्षं एकाच रानात घेऊ नका. मूळकुजेची बुरशी दोघांनाही धरते आणि अवशेषांवर टिकून राहते. मधल्या एखाद्या रब्बीत ज्वारी घ्या. कडबा कापताना वीतभर धसकट उभं ठेवा.