शिफ्ट बदलताना लागणारं 'डिड'

अंबडच्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. आमचे मॅनेजर चेन्नईचे, त्यामुळे शिफ्टचा चार्ज इंग्रजीतूनच द्यायचा. पहिले सहा महिने मी 'डिड यू चेक्ड?' असंच विचारायचे. 'डिड'ने भूतकाळ दाखवून झाला की क्रियापद मूळ रूपातच राहतं: 'डिड यू चेक द गेज?' उत्तरात 'डिड' नसेल तर मात्र 'येस, आय चेक्ड इट.' मराठीत 'का' शेवटी येतो, इथे 'डिड' आधी. जिभेला ते वळण लावावंच लागतं.

सिटीलिंकच्या बसमध्ये मी कालच्या शिफ्टमधली पाच कामं आठवते. प्रत्येकाचं विधान, मग प्रश्न, मग नकार. 'द मशीन स्टॉप्ड. व्हेन डिड इट स्टॉप? इट डिडन्ट स्टॉप ॲट नाइट.' ओठ हलवून म्हणा, नुसतं मनात नको.

'वॉज', 'वेअर' असेल तिथे 'डिड' लागत नाही: 'वॉज द ऑइल लो?' वाक्यात 'यस्टरडे' असेल तर 'हॅव' नको. 'आय सेंट द रिपोर्ट यस्टरडे.' आणि काम कोणी केलं हे विचारताना, जिथे मी सर्वांत जास्त अडखळले, तिथेही 'डिड' नाही: 'हू स्टॉप्ड द मशीन?'