धातुसदृश मूलद्रव्ये वर्गात कशी दाखवावीत

धातू आणि अधातू यांच्या सीमेवर बसणाऱ्या मूलद्रव्यांना आपण धातुसदृश म्हणतो. बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी आणि टेल्युरिअम ही सहा नावे विद्यार्थी पाठ करतात, परंतु त्यांपैकी एकही मूलद्रव्य हातात आलेले नसल्यामुळे परीक्षा संपताच विसरून जातात. मराठवाड्यातील शाळांच्या प्रयोगशाळांत साहित्य तुटपुंजे असते हे खरे, तरीही सिलिकॉन येथे सौर कृषिपंपांच्या पॅनेलांतून शेताशेतांत उभे आहे. म्हणून सुरुवात त्यापासूनच करावी, असा माझा आग्रह आहे.

सौर सेलचा सुटा तुकडा विकत मागवावा. फुटलेल्या पॅनेलमधून तो उकरून काढू नये, कारण काच हातात घुसते आणि उजेडात ठेवलेले पॅनेल फुटलेले असले तरी वीज देऊ शकते. तुकडा विद्यार्थ्यांना उजेडात तिरपा धरून पाहू द्यावा. मग डोळ्यांना चष्मा लावून तो चिमट्याने हळूच वाकवावा. तांब्याची तार वाकते, हा तुकडा मात्र भाजलेल्या पापडासारखा कडकन मोडतो. दिसायला धातूजवळचा आणि मोडायला अधातूसारखा, हे त्या एका आवाजात मुलांना कळते.

त्यानंतर शेतातली पांढरी गारगोटी शेजारी ठेवावी. गारगोटीतही सिलिकॉनच आहे, पण ते ऑक्सिजनशी बांधलेले असल्याने मल्टिमीटरच्या तारा टेकवल्यास वीज वाहत नाही. मूलद्रव्य आणि त्याचे संयुग यांतील फरक इतक्या स्पष्टपणे दाखवणारी जोडी मला तरी दुसरी सापडलेली नाही.

सर्वांत महत्त्वाची कसोटी उष्णतेची आहे, म्हणून तिला पुरेसा वेळ द्यावा. धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो. ६० वॅटच्या साध्या बल्बची तार थंड असताना रोध ७० ओहमच्या आसपास असतो, तर २३० व्होल्टवर पेटलेल्या बल्बचा रोध गणिताने सुमारे ८८० ओहम येतो. थंड रोध मोजताना बल्ब होल्डरमधून काढलेला असावा. शुद्ध सिलिकॉनचे वागणे याच्या उलट असते, कारण उष्णतेमुळे बंधांतील अधिक इलेक्ट्रॉन मोकळे होतात. हे अप्रत्यक्षपणे पाहण्यासाठी सिलिकॉनचा साधा डायोड (वीज एकाच दिशेने वाहू देणारा छोटा भाग) मल्टिमीटरच्या डायोड चाचणीवर जोडावा आणि गरम पाण्याच्या पेल्याला बाहेरून टेकवावा. पडद्यावरील व्होल्टेजचा आकडा दर अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने उतरत जातो. त्याच गुणधर्मामुळे मे महिन्यात पॅनेल तापले की ऊन कडक असूनही त्याची क्षमता घटते. २५ अंशांच्या वर दर अंशाला ही घट साधारण ०.४ टक्के असते, हे वर्गात अवश्य सांगावे.

ही कसोटी सहाही मूलद्रव्यांना लागू पडत नाही. आर्सेनिक आणि अँटिमनी यांचा रोध धातूप्रमाणेच तापमानाबरोबर वाढतो. त्यांना धातुसदृश ठरवताना ठिसूळपणा आणि ऑक्साइडचे वर्तन पाहावे लागते. अँटिमनीचे ऑक्साइड आम्लाशीही अभिक्रिया करते आणि आम्लारीशीही. एका गुणावरून निर्णय करू नये असे मी म्हणतो, ते यासाठीच.

बोरॉनसाठी कॅरमची बोरिक पावडर दाखवणे पुरेसे आहे. जर्मेनियमची फक्त हकिकत सांगावी: मेंडेलीव्हने १८७१ मध्ये त्याचा अणुभार ७२ असेल असे वर्तवले, विंकलरने १८८६ मध्ये ते शोधले आणि तो ७२.६ निघाला. आर्सेनिक व त्याची संयुगे अत्यंत विषारी असल्यामुळे ती वर्गात आणू नयेत, आवर्तसारणीतील ३३ वा चौकोनच दाखवावा.