साउथ बॉम्बेत धड मार्टिनी कुठे मिळेल हे कसं ओळखायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करू, लिची मार्टिनी, अ‍ॅपल मार्टिनी, एस्प्रेसो मार्टिनी ही नुसती ग्लासच्या आकारावरून पडलेली नावं आहेत. छान लागतात, प्या, पण मी बोलतोय ते जिन, ड्राय म्हणजे गोड नसलेली वर्मुथ नावाची वाइन आणि वर एक ऑलिव्ह नाहीतर लिंबाची साल, एवढंच. साखर नाही, ज्यूस नाही, सोडा नाही, त्यामुळे चूक झाकायला बारवाल्याकडे काहीच नसतं आणि म्हणूनच फोर्ट, काळा घोडा, कुलाबा या पट्ट्यात नवीन बार दिसला की मी तिथे पहिली मार्टिनीच मागवतो.

शनिवारी रात्री जाऊ नका. मंगळवार-बुधवार, सातच्या आसपास, ऑफिसची गर्दी यायच्या आत. आणि टेबल नको, काउंटरला बसा, कारण अर्धा निकाल ऑर्डर द्यायच्या आधीच डोळ्यांनी लागतो.

पहिलं बघायचं ते वर्मुथची बाटली. लोक जिनचा ब्रँड विचारत बसतात पण खरी गोची वर्मुथमध्ये असते. ती वाइन आहे हो, जरा जास्त कडक, मुरवलेल्या वनस्पती वगैरे घातलेली, पण शेवटी वाइनच, बाटली उघडली की हवा लागून उतरायला लागते. फ्रिजमध्ये ठेवली तर महिना-दीड महिना बरी राहते. इथे काय होतं, मार्टिनी मागवणारे मोजके, एका ग्लासला लागते जेमतेम दहा मिली, मग तीच बाटली मुंबईच्या दमट उकाड्यात शेल्फवर दिव्याखाली महिनोन्महिने उभी. मी सरळ विचारतो, "बॉस, वर्मुथ फ्रिज में रखते हो ना?" तो वळून फ्रिज उघडला तर बसायचं, "कौनसा वर्मुथ सर?" म्हणाला तर बिअर मागवायची.

यातच अजून एक घोळ. मार्टिनी नावाचा इटालियन वर्मुथचा ब्रँडपण आहे. फोर्टातल्या एका बारमध्ये मी "एक मार्टिनी" म्हणालो आणि पोराने मोठ्या प्रेमाने त्या ब्रँडची गोड पांढरी वर्मुथ बर्फावर ओतून आणून दिली, त्याचं तरी काय चुकलं, मी तेच नाव घेतलं होतं. तेव्हापासून पूर्ण वाक्य बोलतो: जिन मार्टिनी, एक्स्ट्रा ड्राय वर्मुथ, पाचास एक (पाच भाग जिन, एक भाग वर्मुथ), स्टर्ड म्हणजे ढवळलेली, ट्विस्ट म्हणजे लिंबाची साल. मार्टिनी ड्राय म्हणजे तिच्यात वर्मुथ कमी, डर्टी म्हणजे ऑलिव्हच्या बरणीतलं खारं पाणी घातलेली, आणि ऑलिव्हऐवजी मुरवलेला छोटा कांदा असेल तर ती गिब्सन. ट्विस्टला पिवळं विलायती लिंबू, लेमन, आहे का विचारा, आपल्या कागदी लिंबाची साल पातळ, तिचा वासही वेगळा.

मग बर्फ. मोठे, घट्ट, कोरडे खडे हवेत. मशीनचा तो पोकळ, आधीच घाम फुटलेला बर्फ टाकला की ढवळता ढवळता पाणीच जास्त होतं. आणि ढवळायचीच, जेम्स बाँड 'हलवा, ढवळू नका' म्हणो, हलवली की बर्फाचे तुकडे पडतात आणि ड्रिंक गढूळ होतं. ग्लास फ्रीजरमधून यावा आणि लहान असावा. मोठ्या ग्लासातली मार्टिनी अर्ध्यावर कोमट होते आणि कोमट मार्टिनी म्हणजे नुसती जिन.

जिनचं म्हणाल तर गोव्याने आपलं काम सोपं केलंय. तिथली ग्रेटर दॅन नावाची जिन २०१७ साली आली, साधी सरळ लंडन ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली, नवीन बार तपासायला मी तीच सांगतो. त्याच घरची हपुसा हिमालयातल्या ज्युनिपरची, म्हणजे जिनला तिचा मूळ वास देणाऱ्या फळाची, नावपण संस्कृत हपुषावरूनच, जरा मातकट, मला आवडते पण पहिल्यांदा पिणाऱ्याला नको. स्ट्रेंजर अँड सन्स लिंबूवर्गी, तिला ट्विस्ट बरा.

एकदा तरी ताजच्या हार्बर बारमध्ये प्या. १९३३ चा बार, समोर गेटवे आणि समुद्र. महाग आहे, मान्य, पण चांगली मार्टिनी म्हणजे काय हे जिभेला एकदा कळलं की बाकीच्यांना मोजायला माप मिळतं.

बिल बघून घ्या, मेनूच्या किमतीवर वॅट लागतो तो द्यावाच लागतो, सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही, काढायला सांगता येतो. महाराष्ट्रात हार्ड लिकरला वय २५ लागतं हेही लक्षात असू द्या.

आणि दिसायला चिमुकली असली तरी एका मार्टिनीत साठ मिली जिन असते, म्हणजे अख्खा लार्ज, तोही सोड्याशिवाय. खारे दाणे चावत हळू प्या. मी दोनवर थांबतो, चर्चगेटवरून लोकलने बोरिवलीला जायचं असतं आणि एकदा डोळा लागून विरारला उतरलोय.