बुद्धिबळाचं पुस्तक स्वतः काढताय? आकृत्यांच्या बाबतीत या चुका टाळा

नाशिकरोडला नोटा छापतात. अशा गावात राहूनही ‘चित्र नेटवर होतं, घेतलं, त्यात काय एवढं’ हे वाक्य मला महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. मी डीटीपी करतो आणि संध्याकाळी बुद्धिबळ खेळतो, त्यामुळे शहरातले बुद्धिबळाचे हौशी लेखक फिरून फिरून माझ्याच टेबलाशी येतात. पेन ड्राइव्ह पुढे करतात आणि म्हणतात, “दादा, सगळं तयार आहे, फक्त लावायचंय.” सगळं तयार आहे म्हटलं की मला धडकी भरते.

स्क्रीनशॉट

ही माझी नावडती चूक, आणि ती मीही करून बसलोय. काही वर्षांपूर्वी गंगापूर रोडवर क्लास घेणारे एक सर मुलांसाठी पुस्तक घेऊन आले. दोनशे चाळीस आकृत्या, सगळ्या वेगवेगळ्या साइट आणि अ‍ॅपवरून मोबाइलने टिपलेल्या. मी काही न विचारता त्या पानांत बसवल्या. सरांना शाळा सुरू व्हायच्या आत पुस्तक हवं होतं आणि मला पैसे.

पहिलं प्रूफ आलं. स्क्रीनवर हिरवा-पिवळसर दिसणारा पट एकरंगी छपाईत सगळाच राखाडी झाला होता आणि पांढरे मोहरे त्यात विरघळले होते. कुठे शेवटच्या चालीची घरं रंगवलेली, कुठे बाण, एका आकृतीत तर कोपऱ्यात बॅटरीचा टक्का. मोहऱ्यांचे चार वेगवेगळे संच. एका पानावरचा घोडा हसतोय, पुढच्या पानावरचा रागावलाय.

हे सगळं रंग पक्का करून, कापून-छाटून निभावलं असतं. पण प्रूफ वाचायला घेतलेले एका मुलाचे वडील वकील निघाले. त्यांनी विचारलं, “हे मोहरे काढले कुणी?” सर म्हणाले, “मोहरे कोण काढतं? मोहरे असतात.” वकीलसाहेब हसले नाहीत. मग आम्ही शोधलं. एक संच एका कंपनीचा स्वतःचा, त्याला हातच लावायचा नाही. दुसरा लिचेस या बुद्धिबळ खेळायच्या साइटवरचा. लिचेस मोफत आणि मुक्त, त्यामुळे सर निर्धास्त होते. पण तिथल्या मोहऱ्यांच्या प्रत्येक संचाचा कलाकार वेगळा आणि परवाना वेगळा. काही संचांवर ‘नॉन-कमर्शियल’ अशी स्पष्ट अट आहे. दोनशे रुपये किंमत छापलेलं पुस्तक नॉन-कमर्शियल कसं ठरणार?

सगळ्या आकृत्या नव्याने केल्या. नऊ रात्री गेल्या. आणि स्थिती एकेक करून टाइप करताना कळलं की अकरा आकृत्या मुळातच चुकीच्या होत्या. एकीत काळा राजाच नव्हता. तिघींत छाटताना उजवीकडचा एच स्तंभ उडाला होता. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे उजवीकडचं खालचं घर. ते पांढरंच हवं. काळं दिसलं तर कात्री जास्त चाललीय. वकीलसाहेबांनी अडवलं नसतं तर राजा नसलेल्या पटावर मुलं मात शोधत बसली असती.

तेव्हापासूनची माझी सवय अशी की चित्र घ्यायचं नाही, स्थिती घ्यायची. स्थिती लिहायला फेन नावाची पद्धत आहे. डेव्हिड फोर्साइथ या स्कॉटिश पत्रकाराने एकोणिसाव्या शतकात ती काढली, पुढे स्टीव्हन एडवर्ड्सने संगणकासाठी वाढवली. आठ रांगा वरून खाली, मध्ये तिरकी रेघ, मोकळी घरं आकड्यांत, पांढरे मोहरे मोठ्या अक्षरांत, काळे छोट्या. एका ओळीत अख्खा पट मावतो. ती ओळ दिली की पट काढून देणारे प्रोग्रॅम आहेत आणि मोहरे आपल्या पसंतीचे लावता येतात. मी कॉलिन बर्नेट यांचा संच वापरतो. तो जीएफडीएल, बीएसडी आणि जीपीएल अशा तीन परवान्यांखाली दिलेला आहे, त्यातला हवा तो निवडायचा. मी बीएसडी निवडतो, कारण हक्काची सूचना आणि परवान्याचा मजकूर छापला की अट पुरी होते. श्रेयनामावलीच्या पानावर तेवढी जागा निघते. फाइल एसव्हीजी ठेवायची, म्हणजे कितीही मोठी केली तरी फाटत नाही.

हे सांगितलं की नवे लेखक विचारतात, “पण दादा, दोनशे स्थिती कोण टाइप करणार?” तुम्ही. पुस्तक तुमचं आहे ना?

फॉन्ट फुकट उतरला म्हणजे आपला झाला

बुद्धिबळाचे फॉन्ट नेटवर बरेच मिळतात. पण झिपमध्ये एक रीडमी असते, ती उघडा. काही फॉन्ट वैयक्तिक वापरापुरतेच मोफत आहेत. दुसरी भानगड प्रेसमध्ये समोर येते. पीडीएफमध्ये फॉन्ट समाविष्ट झाला नसेल तर पटाच्या जागी इंग्रजी अक्षरांच्या रांगा छापून येतात. विंडोजमध्ये फॉन्टच्या प्रॉपर्टीजमध्ये तो फाइलमध्ये समाविष्ट करता येतो की नाही हे लिहिलेलं असतं. मनाई असेल तर आकृत्यांचं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांच्या चित्रात, रूपांतर करून पळवाट काढू नका, फॉन्ट बदला.

‘मी मराठीत केलं ना!’

ही दुसरी चूक मला स्क्रीनशॉटपेक्षाही जास्त छळते, कारण करणाऱ्याला ती मेहनत वाटते.

डावाच्या चाली कुणाच्या मालकीच्या नाहीत. २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये जगज्जेतेपदाची कार्लसन-कार्याकिन लढत सुरू होण्याच्या तोंडावर आयोजकांनी इतर संकेतस्थळांना चाली दाखवण्यापासून थांबवा म्हणून तिथल्या फेडरल कोर्टात धाव घेतली. न्यायाधीशांनी नकार दिला, कारण खेळात काय घडलं ही वस्तुस्थिती आहे. तेव्हा विदित गुजराथीचा एखादा डाव पहिल्या चालीपासून शेवटपर्यंत खुशाल छापा. (त्याचा फोटो मात्र नाही. तो फोटोग्राफरचा असतो, आणि आपल्या गावचा खेळाडू म्हणून कव्हरवर चेहरा लावायचा असेल तर आधी त्यालाच विचारा.)

पण चालींखालचं टिपण लेखकाचं असतं. ‘इथे हत्ती डी स्तंभावर आणणं घाईचं ठरलं असतं, कारण…’ हे वाक्य कुणीतरी विचार करून लिहिलेलं असतं. एक तरुण इंग्रजी पुस्तकातली दीडशे पानं मराठीत करून घेऊन आला होता. अनुवाद चांगला होता, खरंच. पण आपल्या १९५७ च्या कायद्यात भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाकडेच असतो. तो म्हणाला, “मग मी वाक्यं थोडी बदलतो.” हे ऐकून मी चहा मागवला, कारण असं समजावायला वेळ लागतो.

त्याला मी निकालपत्रांचं उदाहरण दिलं. डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की न्यायालयाचा मूळ निकाल कुणीही छापू शकतो, पण संपादकाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या शीर्षटिपा त्याच्या. डाव म्हणजे निकाल, टिपण म्हणजे शीर्षटीप. माझ्या मते यात निवड आणि क्रमही आला: एखाद्याने तीनशे डाव निवडून शंभर विषयांत लावले आणि तुम्ही तेच तीनशे त्याच क्रमाने घेतलेत, तर मोहरे नवे असूनही चोरी जुनीच.

त्याने काय करावं? पुस्तक मिटून ठेवावं, डाव पटावर मांडावा आणि स्वतः लिहावं. स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमला विचारा हवं तर. प्रोग्रॅमचा जीपीएल परवाना त्याने दाखवलेल्या चालींना चिकटत नाही. पण ‘स्टॉकफिश म्हणतो अधिक एक पूर्णांक चार’ हे टिपण नव्हे. मुलाला का ते सांगा. तो तरुण परत आलेला नाही.

‘शिक्षणासाठी आहे, सगळं माफ’

दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपीचा २०१६ चा निकाल पुढे करणारे भेटतात. तो वर्गात शिकवण्यासाठी काढलेल्या प्रतींबद्दल होता, कॉलेज रोडच्या दुकानात विकायला ठेवलेल्या पुस्तकाबद्दल नव्हे.

जुनं पुस्तक, नवी आवृत्ती

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. जगज्जेता कापाब्लांका १९४२ ला गेला, म्हणजे २००२ संपल्यावर त्याचं स्वतःचं लिखाण आपल्याकडे मोकळं झालं. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीत कुणी प्रस्तावना जोडली असेल, नव्या तळटीपा घातल्या असतील, तर त्या मोकळ्या नाहीत. जुनी प्रत मिळवा. इथे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, जरा पायऱ्या चढा.

रचलेली कोडी

डाव घडतो, कोडं कुणीतरी रचतं. त्यामुळे कोड्याला मी डावासारखं मोकळं धरत नाही. रचनाकार हयात असेल तर पत्र लिहितो. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. रिचर्ड रेती या रचनाकाराचा १९२१ चा राजा-प्याद्याचा ‘अभ्यास’, म्हणजे रचलेली स्थिती, कुणीही छापावा, रेती १९२९ ला गेला. पण खाली ‘रिचर्ड रेती, १९२१’ लिहायचं. हे कायद्यासाठी नाही, लाज असते माणसाला म्हणून.

आणखी काही, उभ्या उभ्या

विकिपीडियावरचं चित्र ‘फ्री’ म्हणजे बिनअटीचं नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय-एसए परवाना असेल तर नाव द्यायचं आणि बदललेलं चित्र त्याच परवान्याखाली ठेवायचं. लिचेसचा डावांचा साठा सीसी-शून्य, म्हणजे बिनअटीचा, आहे, तो बिनधास्त वापरा. एआयकडून पट काढून घेऊ नका. मी एकदा पाहिला, नऊ रांगा होत्या.

आणि नोंदवही ठेवा. माझ्या एक्सेलमध्ये पाच रकाने आहेत: आकृती क्रमांक, फेन, डाव किंवा रचनाकार, मोहऱ्यांचा संच, परवाना. पाचही भरल्याशिवाय मी पान लावत नाही. ते गंगापूर रोडचे सर आता दुसऱ्या भागाच्या स्थिती चौकटीच्या वहीत पेन्सिलने काढून आणतात, खाली ‘काळ्याची चाल’ असं लिहून. मागच्या आठवड्यात बत्तीस आणल्या. राजे सगळ्यांत होते.