"मॅडम, तुमी पोलिसवाल्या का?" : वाटेवरच्या पोरांसोबत काम करायचं असेल तर

मागच्या महिन्यात दोन पोरी भेटायला आल्या होत्या, एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या मास्टर्सच्या, शेवटच्या वर्षाच्या. म्हणाल्या ताई, आम्हाला गुन्हेगारीकडे वळणाऱ्या मुलांसोबत काम करायचंय, काय वाचू? म्हटलं वाचायचं नंतर बघू, आधी संध्याकाळी सहा ते नऊ घराबाहेर राहिलेलं घरच्यांना चालणार आहे का ते सांगा. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. पण मी काय उगाच नव्हते विचारत, कारण ही पोरं सकाळी अकराला भेटतच नाहीत, अकराला ती झोपलेली असतात, आणि ऑफिसं मात्र सगळी दहा ते सहा चालतात. या कामातली निम्मी गोची तिथंच आहे.

माझं सांगते. मूळची तासगावची, एमएसडब्ल्यू साताऱ्याला जकातवाडीत केलं, आणि गेली आठ-नऊ वर्षं सांगली-मिरज-कुपवाडमधेच आहे. आधी एका संस्थेत, मग कंत्राटी समुपदेशक. नोकरी कुठं मिळते हे सगळे विचारतात म्हणून पटकन सांगून टाकते. प्रत्येक जिल्ह्यात महिला व बाल विकास विभागाचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, तिथं संरक्षण अधिकारी, विधी तथा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, क्षेत्रीय कार्यकर्ता अशा पोस्ट निघतात, बहुतेक कंत्राटी. शिवाय निरीक्षणगृह (केस चालू असताना पोरांना ठेवतात ते), मुलांसाठीची 1098 हेल्पलाईन, आणि संस्था. मानधन फार नाही आणि कधीकधी दोन-दोन महिने लांबतं, एका ठिकाणी तर माझं दिवाळीनंतर आलं होतं. घरी भाऊ-बहीण कमावते असतील तर बरं, एवढंच म्हणते.

आता शब्द. सगळं गाव 'रिमांड होम' म्हणतं, कायद्यात निरीक्षणगृह आहे. पोराला आरोपी म्हणायचं नाही, गुन्हेगार तर नाहीच, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणायचं. मी एकदा एका पोराला त्याच्याच कागदावरचा हा शब्द वाचून दाखवला तर तो म्हणाला, मॅडम, ही शिवी हाय का?

कायदा मात्र खरंच वाचा. बाल न्याय अधिनियम 2015, जानेवारी 2016 पासून लागू आहे. पोराला लॉकअपमधे ठेवता येत नाही, बेड्या नाहीत, 24 तासांत बाल न्याय मंडळासमोर हजर करायचं, आणि मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यात एक तरी बाई पाहिजेच. जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल तर तो किरकोळ गुन्हा, आणि आमच्याकडची निम्मी पोरं यातच येतात. कुणाची तरी स्प्लेंडर ढकलत नेली, वायर जोडून चालू केली, अंकलीपर्यंत फिरवली, पेट्रोल संपलं की टाकून दिली. अशा प्रकरणात सोबत मोठा माणूस नसेल तर एफआयआर होत नाही, स्टेशन डायरीला नोंद होते आणि पोराच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल जोडतात. हे खुद्द आईबापाला माहीत नसतं, आणि नवीन समुपदेशकालाही नसतं. मलाही नव्हतं.

पहिल्या वर्षात मी दोन चुका केल्या, दोन्ही सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही.

एक, होम व्हिजिटला गळ्यात आयकार्ड लटकवून गेले. संस्थेचं नाव, वर 'बाल संरक्षण' मोठ्या अक्षरात, लाल दोरी. मिरजेतली बारीक गल्ली, दारादारात बायका लसूण सोलत बसलेल्या, मी तीन ठिकाणी विचारलं अमक्याचं घर कुठं. झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की त्यांचं पोरगं पोलिसात सापडलंय, आणि आठ दिवसांत घरमालकाने खोली खाली करा सांगितलं. कायद्यात कलम 74 आहे, पोराची ओळख उघड करायची नाही, मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, मी ते परीक्षेत पाठ करून लिहिलेलं होतं. आणि गल्लीत मीच बोंब मारत गेले. आता मी कार्ड पर्समधे ठेवते, घर आधी फोनवर नीट विचारून घेते, आणि कुणी विचारलंच तर "शाळेतनं आलेय" म्हणते, जे बऱ्याचदा खरंही असतं.

दुसरी चूक आश्वासनाची. निरीक्षणगृहातला पंधरा वर्षांचा एक पोरगा रडत होता, मी म्हटलं मंगळवारी सुटशील बाळा. कायद्याने जामीन सहसा मिळतोच, सुटल्यावर तो वाईट संगतीत जाणार किंवा त्याच्याच जिवाला धोका असं काही मंडळाला वाटलं तरच अडतं. पण न्यायला कोणीतरी यायला लागतं. बाप जतचा, ऊसतोडीला कर्नाटकात, फोन बंद. आईला वाटलं सही केली की दंड भरायला लागतो, म्हणून तीही आली नाही. मंगळवार गेला, पुढचा मंगळवारही गेला. पोरगा माझ्याशी दीड महिना एक अक्षर बोलला नाही, मी समोर बसले की भिंतीकडे तोंड करायचा. तेव्हापासून मी फक्त माझ्या हातातल्या गोष्टीच बोलते. "मी गुरुवारी चारला येणार", आणि मग गुरुवारी चारला जायचंच, पाऊस असो काही असो. पोरं हेच तपासतात, बाकी तुमची डिग्री त्यांना काय करायची.

आणि आया. "न्हेऊन ठेवा त्याला तिकडंच, मॅडम, मला न्हाई झेपत," हे मी इतक्या वेळा ऐकलंय. नवीन असताना राग यायचा, आई असून असं कसं बोलते. मग कळलं की ती पहाटे मार्केट यार्डात हळदीच्या कामाला जाते, दुपारी दोन घरची भांडी, आणि संध्याकाळी परत येईपर्यंत पोरगं बाहेर पडलेलं असतं. तिला वेळच नाही तर लक्ष कधी देणार. लेक्चर देऊ नका, शक्य असेल तर बालसंगोपन योजनेत बसतं का बघा, एक पालक वारला असेल किंवा सोडून गेला असेल तर महिन्याला 2250 रुपये मिळू शकतात.

आता पोरांच्या संध्याकाळबद्दल. कोपऱ्यावर चहाची गाडी, एक 'भाई', त्याची बुलेट, त्याच्या बड्डेला तलवारीने केक, त्याची रील. तलवारीने केक कापला म्हणून आर्म्स अ‍ॅक्ट लागतो हे पोरांना खरंच वाटत नाही, त्यांना ती सजावट वाटते. हा भाई त्यांना वडापाव देतो, नाव लक्षात ठेवतो, आजारी पडला तर दवाखान्यात नेतो. तुमची स्पर्धा त्याच्याशी आहे. आणि त्यातलाच एखादा पुढं नशेच्या गोळ्या आणि हुंगायचं सोल्युशन पुरवणारा निघतो. 2024 मधे कुपवाडात एमडी ड्रगचा (मेफेड्रोन) साठा सापडला तेव्हा सगळे हादरले, आम्ही नाही हादरलो, आम्हाला पोरांचे डोळे आधीच दिसत होते. लहान मुलाला दारू, तंबाखू, ड्रग देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, कलम 77, पण तक्रार द्यायला पोरगं तयार पाहिजे ना.

मग करायचं काय? माझा अनुभव असा की उपदेशापेक्षा कागद जास्त काम करतात. हसू नका. पोराचं वय ठरवायचं असेल तर कलम 94 प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं सर्टिफिकेट बघतात, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तेही नसेल तरच डॉक्टरी तपासणी. आधार त्या यादीत नाही. आणि आमच्याकडे 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली तेव्हा नदीकाठच्या किती घरांतले ट्रंकेसकट कागद गेले, ते अजून काढलेले नाहीत. तोच शाळेचा दाखला 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायला लागतो, तोच आयटीआयला लागतो. एका पोरासाठी मी शाळेत सहा चकरा मारल्या, क्लार्क दरवेळी म्हणायचा रजिस्टर वरती आहे, वरती म्हणजे कुठं ते काय कळलं नाही. सहाव्यांदा पोरालाच सोबत नेलं. त्याने स्वतः माळ्यावर चढून रजिस्टर काढलं, आणि खाली येताना पहिल्यांदा मला मॅडम सोडून ताई म्हणाला.

रिपोर्ट लिहिणं हे वेगळंच शिक्षण आहे. सामाजिक तपासणी अहवाल परिविक्षा अधिकारी 15 दिवसांत देतो, त्यात तुमच्या नोंदी जातात. "घरचे वातावरण चांगले नाही" असलं लिहू नका, त्यातनं मंडळाला काहीच कळत नाही. "आई पहाटे 5 ते संध्याकाळी 7 घरी नसते, आजी मोतीबिंदूमुळे बाहेर पडत नाही, मामा कुपवाड एमआयडीसीत आहे आणि मुलाला ठेवून घ्यायला तयार आहे" असं लिहा.

बाकी नातेवाईक चिडवणार. मे 2024 मधे पुण्यात अल्पवयीन पोराच्या पोर्शेने दोघांचा जीव घेतला आणि त्याच्या जामिनातली 300 शब्दांच्या निबंधाची अट गाजली, तेव्हापासून आमचे दाजी जेवायला बसलं की विचारतात, काय, आज किती निबंध तपासले? आधी मी भांडायचे, समजवायचे की 16 च्या पुढचा असेल आणि गुन्हा घृणास्पद असेल तर मोठ्यांसारखी केस चालू शकते वगैरे. आता मी त्यांना म्हणते आमटी वाढा.

तो माळ्यावर चढलेला पोरगा आता शंभर फुटी रोडला एका गॅरेजवर आहे, अठरा पूर्ण झालीत. परवा रात्री साडेनऊला फोन, ताई, लायसन काढायचंय, ती जुनी केस मधे येईल का? म्हटलं नाही येत रे, कलम 24 आहे, त्या केसमुळे तुला कुठं अपात्र धरता येत नाही. गप्प झाला. मग म्हणाला, बरं, आणि धाकट्याचा दाखला काढायचाय, ते रजिस्टर अजून वरतीच असल का?